गरिबी मोजणे आणि गरीब निवडणे

भारतात गरीब किती, या प्रश्नाला आज एकाच वेळी अनेक उत्तरे मिळतात. जागतिक बँकेने जून 2025 मध्ये आपली रेषा दिवसाला 3 डॉलरवर नेली. तिच्याखाली 2022-23 साली 5.3 टक्के भारतीय होते. मध्यम उत्पन्नाच्या खालच्या गटातील देशांसाठी हीच बँक 4.20 डॉलरची रेषा लावते आणि तिच्याखाली 23.9 टक्के सापडतात. त्याच वर्षासाठी नीती आयोगाचा बहुआयामी अंदाज 11.28 टक्के आहे. खर्चावर आधारलेल्या सरकारी दारिद्र्यरेषेचा शेवटचा आकडा मात्र 2011-12 चा, 21.9 टक्के. त्यानंतर नवी रेषाही ठरली नाही आणि नवा अधिकृत आकडाही आला नाही. दुसरीकडे सुमारे 81 कोटी लोकांना दरमहा मोफत धान्य देण्याची सोय कायद्याने आणि अंदाजपत्रकाने केलेली आहे.

यातला प्रत्येक आकडा आपापल्या व्याख्येत बरोबर आहे. सोयीचा आकडा उचलून दुसऱ्याला खोटे पाडण्याचा उद्योग दोन्ही बाजूंनी चालतो, तो वेगळा. मुळात गरिबीच्या मापाकडून आपण तीन निरनिराळी कामे करून घेतो. देशात किंवा राज्यात गरीब किती आणि ते वाढले की घटले, हे पहिले काम. या गावात, या वाडीत गरीब कोण, हे दुसरे. आणि त्यांना गरिबीतून वर यायला किती पैसे लागतील, हे तिसरे. पहिले काम संख्याशास्त्राचे, दुसरे तहसील कचेरीचे, तिसरे अर्थखात्याचे. आपल्याकडे पहिल्या कामासाठी घडवलेले माप दुसऱ्या कामाला जुंपले गेले आणि त्याचे परिणाम लोकांनी भोगले. आता सर्वांना ठरावीक रक्कम देणाऱ्या मूलभूत उत्पन्नाच्या चर्चेत तेच माप तिसऱ्या कामाला जुंपले जात आहे. म्हणून ते कसे बनले, हे नीट पाहायला हवे.

रेषेची वंशावळ

हा हिशेब पहिल्यांदा मांडला दादाभाई नौरोजी यांनी. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात एकेकाळी प्राध्यापक असलेल्या दादाभाईंनी 1876 साली भारताच्या दारिद्र्यावरचा निबंध वाचला. परदेशी मजुरीसाठी जहाजाने जाणाऱ्यांना प्रवासात जो शिधा द्यावा असे सरकारी डॉक्टरांनीच ठरवले होते, तो त्यांनी आधाराला घेतला. त्या शिध्याची आणि तुरुंगातल्या कैद्यावर होणाऱ्या खर्चाची त्यांनी सरासरी उत्पन्नाशी तुलना केली. 1867-68 च्या किमतींनुसार माणसाला वर्षाला प्रांतागणिक 16 ते 35 रुपये लागत होते. सरासरी उत्पन्न होते 20 रुपये. कैद्याला जे मिळते तेही रयतेला मिळत नाही, हे त्यांनी सरकारचेच कागद वापरून दाखवले. रेषा ओढण्यामागे त्यांचा हेतू राज्यकर्त्यांना जाब विचारण्याचा होता. कुणाला मदतीतून वगळण्याचा प्रश्नच तिथे नव्हता.

स्वातंत्र्यानंतर 1962 साली नियोजन आयोगाच्या कार्यगटाने 1960-61 च्या किमतींनुसार दरडोई दरमहा 20 रुपये ही किमान पातळी ठरवली, शहरांसाठी 25. त्यात एक गोष्ट मुद्दाम धरली नव्हती, ती म्हणजे शिक्षणाचा आणि आरोग्याचा खर्च. शाळा आणि दवाखाने शासन पुरवणार, मग तो खर्च कुटुंबाच्या माथी कशाला, असा विचार त्यामागे होता. शासनाने दिलेला शब्दच अशा रीतीने रेषेच्या हिशेबात धरला गेला. तो शब्द किती पाळला गेला, हे शिकवणी वर्ग आणि खाजगी रुग्णालयांच्या पाट्या सांगतात. हा मुद्दा पुढे मूलभूत उत्पन्नाच्या संदर्भात पुन्हा येणार आहे.

दारिद्र्यरेषेला आजच्या ओळखीचे रूप आले ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा अभ्यास 1971 साली प्रसिद्ध झाला. माणसाला दिवसाला सरासरी 2,250 उष्मांक मिळतील असे जेवण कोणत्या खर्चाच्या पातळीवरची कुटुंबे प्रत्यक्षात जेवतात, हे त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीतून शोधले. उत्तर आले ग्रामीण भागात दरडोई दरमहा 15 रुपये आणि शहरात साडेबावीस. खेड्यांतले 40 टक्के आणि शहरांतले 50 टक्के लोक त्याखाली होते. या पद्धतीची खुबी अशी की, आदर्श आहाराची यादी करून तिचा भाव काढलेला नव्हता. त्या पातळीवरचे कुटुंब धान्याबरोबर कापड, सरपण, चहा-साखर यांवरही काही ना काही खर्चत होते. म्हणजे रेषा लोकांच्या वागण्यातून वर आली.

या मापावर पहिला घणाघाती हल्लाही पुण्यातूनच झाला. रोमला अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे संचालक राहिलेले पां. वा. सुखात्मे यांचे म्हणणे असे होते की, सरासरी गरज ही सरासरीच असते. निरोगी माणसांपैकी कितीतरी जण तिच्यापेक्षा कमी खाऊन धडधाकट राहतात, शिवाय एकाच माणसाचे खाणेही दिवसागणिक कमी-जास्त होते. सरासरीलाच सीमा मानले तर निरोगी माणसेही उपाशांच्या यादीत जमा होतात. सीमा सरासरीच्या बरीच खाली असावी, असे त्यांचे मत. दांडेकरांनी या मांडणीचा संख्याशास्त्रीय पायाच अमान्य केला आणि 1980 च्या दशकात हा वाद चांगलाच रंगला. वाद उष्मांकांचा असला तरी त्यातला पेच आजही सुटलेला नाही. कमी मिळण्याची सवय झालेल्या शरीराकडे बघून त्याची गरजच कमी आहे असे म्हणायचे का? आणि तसे म्हणायचे नसेल, तर गरज ठरवायची कुणी?

पुढचा प्रवास समित्यांचा आहे. 1979 च्या कृतिगटाने ग्रामीण भागासाठी 2,400 आणि शहरांसाठी 2,100 उष्मांक धरले आणि 1973-74 च्या किमतींनुसार सुमारे 49 व 57 रुपयांच्या रेषा दिल्या. लकडावाला गटाने 1993 साली राज्यनिहाय वेगळ्या रेषा सुचवल्या. 2009 साली सुरेश तेंडुलकर समितीने उष्मांकांशी असलेली गाठ सोडली. शिक्षण-आरोग्यावरचा प्रत्यक्ष खाजगी खर्च तिने हिशेबात घेतला आणि शहरी गरिबांच्या खरेदीची टोपली खेड्यांनाही लावली. परिणामी 2004-05 चे दारिद्र्य 27.5 वरून 37.2 टक्क्यांवर गेले. एका रात्रीत कुणी गरीब झाले नव्हते. आतापर्यंत न दिसणारे दिसू लागले, इतकेच.

सप्टेंबर 2011 मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले, त्यात हीच रेषा दिवसाच्या हिशेबाने शहरात 32 आणि खेड्यात 26 रुपये अशी दिसली आणि देशभर गदारोळ उठला. मग रंगराजन समिती आली. तिने 2011-12 साठी ग्रामीण रेषा 816 वरून 972 वर आणि शहरी 1,000 वरून 1,407 वर नेली. खेड्यात दिवसाला सुमारे पाच रुपये आणि शहरात साडेतेरा रुपये वाढवताच गरिबांची संख्या 27 कोटींच्या आतून 36 कोटींच्या पुढे गेली. रेषेच्या आसपास माणसांची किती दाटी आहे, हे या एका फरकातून कळते. रेषेच्या दोन रुपये वर असलेला माणूस आणि दोन रुपये खाली असलेला माणूस यांच्या जगण्यात काडीचा फरक नसतो. संख्याशास्त्राला ते चालते. रेशन दुकानाच्या यादीला ते चालत नाही.

प्रश्न कसा विचारला यावर उत्तर

रेषा ठरली तरी काम संपत नाही. कुटुंबाने किती खर्च केला, हे त्यालाच विचारावे लागते आणि माणसाची आठवण कच्ची असते. गेल्या 30 दिवसांत तेलावर, भाजीवर किती खर्च झाला असे विचारले तर एक उत्तर येते. गेल्या सात दिवसांचे विचारून त्याचा महिन्याचा हिशेब केला तर बहुधा मोठे उत्तर येते, कारण ताजा खर्च आठवतो. कपडे, चपला, भांडी यांचा खर्च वर्षभराचा विचारला तर गरीब कुटुंबांच्या खात्यात तो दिसतो. महिन्याचाच विचारला तर पुष्कळांच्या नावापुढे शून्य पडते.

1999-2000 च्या पाहणीत एकाच कुटुंबाला अन्नाबद्दल सात आणि तीस दिवसांचे प्रश्न शेजारी शेजारी विचारले गेले. एका रकान्यातले उत्तर दुसऱ्यावर सावली टाकते, हे उघड आहे. त्या पाहणीवरून दारिद्र्य 36 वरून 26 टक्क्यांवर आल्याचे जाहीर झाले आणि ही घट खरी किती व प्रश्नावलीची किती, यावर अर्थशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे खल केला. 2011-12 साठी जागतिक बँकेच्या त्या वेळच्या 1.90 डॉलरच्या रेषेखाली सरसकट तीस दिवसांच्या आठवणीने 21.2 टक्के भारतीय होते. वस्तूंनुसार मुदत बदलण्याच्या सुधारित पद्धतीने ते 12.4 टक्के झाले. पाहणी तीच, वर्ष तेच, फक्त प्रश्नातली मुदत बदलली.

2017-18 ची खर्च पाहणी सरकारने माहितीच्या दर्जाचे कारण देऊन प्रसिद्धच केली नाही. त्यामुळे 2011-12 नंतर थेट 2022-23 चीच पाहणी हाती आली आणि तिची पद्धतही वेगळी, एकाऐवजी तीन भेटींची. 2023-24 च्या पाहणीत ग्रामीण भागाचा दरडोई मासिक खर्च 4,122 रुपये आणि शहरी 6,996 रुपये आला. ग्रामीण भागातल्या तळच्या 5 टक्के लोकांचा होता 1,677 रुपये. गरिबी घटली आहे याबद्दल गंभीर अभ्यासकांत फारसे दुमत नाही. वाद आहे तो किती घटली याचा.

बहुआयामी निर्देशांकाने पैशाला बगल देऊन थेट वंचना मोजली. कुपोषण, शाळेची वर्षे, स्वयंपाकाचे इंधन, शौचालय, पिण्याचे पाणी, वीज, घर, बँक खाते असे बारा निकष, आणि भारित बेरजेत एक तृतीयांश वंचना असेल तर कुटुंब गरीब. या मापाने महाराष्ट्राचे दारिद्र्य 2015-16 मधल्या 14.80 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये 7.81 वर आले. सरासरीच्या आड मात्र नंदुरबार जिल्हा राज्यात सर्वांत मागे राहिल्याचेही याच मापाने दाखवले. यातले काही निकष एकदा पुरे झाले की सहसा मागे जात नाहीत. खाते उघडले, शौचालय बांधले की खूण लागते. त्या वर्षी पीक बुडाले किंवा काम मिळाले नाही, तरी ती खूण तशीच राहते. शासनाने काय पोहोचवले हे या मापाला चांगले दिसते, घरात या महिन्यात पैसा आहे का ते दिसत नाही.

यादी करताना काय होते

आता दुसरे काम. नमुना पाहणी हजारो घरांवरून देशाचा अंदाज बांधते. तुमच्या शेजारचे घर गरीब आहे का, हे ती सांगू शकत नाही आणि तसा तिचा दावाही नाही. योजनांना मात्र नावे हवी असतात. म्हणून दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची स्वतंत्र गणना सुरू झाली आणि राज्यात किती कुटुंबे यादीत बसवायची याची कमाल मर्यादा नियोजन आयोगाच्या टक्केवारीवरून ठरली. टक्केवारी अंदाजाची आणि यादी नावानिशीची, अशी ती मोट बांधली गेली.

2002 च्या ग्रामीण गणनेत तेरा प्रश्न होते, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण 52. एक प्रश्न कपड्यांचा होता: घरात माणशी नेहमीच्या वापराचे कपडे किती? दोनपेक्षा कमी असतील तर शून्य, दोन-तीन असतील तर एक, आणि दहा किंवा अधिक असतील तर पूर्ण चार गुण. पंखा, रेडिओ, प्रेशर कुकर, दूरचित्रवाणी यांचेही गुण होते. कर्जाच्या प्रश्नात कर्ज नसलेल्या आणि पदरी मालमत्ताही असलेल्या कुटुंबाला सर्वाधिक गुण होते. पण ज्याची पत संपल्यामुळे कुणी कर्जच देत नाही, त्याला या तक्त्यात कुठे बसवायचे? मुंबईहून भावाने पाठवलेले जुने शर्ट एखाद्या मजुराच्या घरात असतील, तर तेही त्याला रेषेच्या वर ढकलायला हातभार लावणार. गुण मिळवणे हे नुकसान ठरणारी ही परीक्षा होती, आणि कुणाचे गुण कसे कमी ठेवायचे हे गावातल्या वजनदार लोकांना लवकर समजले.

एन. सी. सक्सेना समितीने 2009 साली दाखवले की, निम्म्याहून बरीच अधिक गरीब कुटुंबे यादीबाहेर होती आणि गरीब नसलेली पुष्कळ आत होती. 2011 च्या सामाजिक-आर्थिक व जातगणनेने निकष बदलले. दुचाकी, फ्रिज, प्राप्तिकर, सरकारी नोकरी असली की कुटुंब आपोआप बाहेर. बेघर, भिक्षेवर जगणारे, वेठबिगारीतून सुटलेले आपोआप आत. सोपे झाले, पण दुसऱ्याच्या दुधाचे कॅन जुन्या मोटारसायकलवरून डेअरीत पोहोचवणारा गडी दुचाकीमुळे श्रीमंतांत जमा झाला.

महाराष्ट्रात हा खेळ रेशनकार्डाच्या रंगांतून आणि उत्पन्नाच्या दाखल्यातून चालतो. पिवळे कार्ड वार्षिक 15,000 रुपयांपर्यंत, केशरी एक लाखापर्यंत, त्यापुढे पांढरे. अन्नसुरक्षा कायद्यातल्या प्राधान्य कुटुंबासाठी मर्यादा ग्रामीण भागात 44,000 आणि शहरात 59,000. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा, परित्यक्ता, निराधार अशांना महिन्याला 1,500 रुपये मिळतात आणि त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे 21,000 रुपये. दिवसाला 300 रुपये मजुरी मिळाली तर सत्तर दिवसांत ही मर्यादा भरते. वर्षातले सत्तरच दिवस काम करणारे कुटुंब शोधणे हे तलाठ्याचे काम ठरते. शेतमजुराला कुणी पगारपत्रक देत नाही, त्यामुळे दाखल्यावरचा आकडा योजनेच्या मर्यादेत बसेल असाच लिहिला जातो. अर्जदार, सेतू केंद्रातला मुलगा, तलाठी, नायब तहसीलदार, सगळ्यांना हे ठाऊक असते. म्हणजे नियम तोडल्याशिवाय योजना चालत नाही, आणि नियम तोडायला ज्याच्याकडे ओळख किंवा पैसे नाहीत, तो खरा निराधार बाहेर राहतो.

गरीब ओळखण्याची आणखी एक वाट महाराष्ट्रानेच देशाला दाखवली. दांडेकर-रथ यांचा भर सार्वजनिक कामांवर होता. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात रोजगार हमीची कल्पना आजमावली होती, 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर गेली आणि कायदा होऊन 26 जानेवारी 1979 पासून अमलात आली. पगारदारांकडून व्यवसाय कर घेऊन तिला पैसा पुरवला गेला. उन्हात खडी फोडायला जो येईल तो गरजू, त्याला दाखला विचारायचा नाही, ही त्यातली युक्ती. यादीची गरजच संपली. मात्र म्हातारी माणसे, आजारी, अपंग, तान्ह्या मुलाची आई यांना ही वाट बंदच होती. अंग मोडून काम करण्याची अट गरिबी ओळखते, पण सगळ्यांत अशक्त गरिबाला गाळून.

रक्कम कुठून येते?

मूलभूत उत्पन्नाची कल्पना या दुसऱ्या कामालाच फाटा देते. सर्वांना द्या, मग गरीब कोण हा प्रश्न उरत नाही. 2016-17 च्या आर्थिक पाहणीत तत्कालीन मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांनी या विषयावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. केंद्राच्या सुमारे 950 योजना आहेत, आणि तळच्या 40 टक्के लोकांपैकी 40 टक्के जण 2011-12 साली रेशन व्यवस्थेबाहेर होते, असा त्यांचा पुरावा होता. त्यांनी सुचवलेली रक्कम माणशी वर्षाला 7,620 रुपये. पंच्याहत्तर टक्के लोकांना दिली तर खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 4.9 टक्के.

हे 7,620 आले कुठून? तेंडुलकर रेषेतून. जवळजवळ सगळे गरीब 2011-12 च्या रेषेच्या वर येतील एवढी रक्कम काढून ती महागाईने वाढवली. गरीब निवडण्यासाठी नाकारलेली रेषा रक्कम ठरवण्यासाठी परत आली. महिन्याला 635 रुपये, दिवसाला जेमतेम 21. त्या वेळी रंगराजन रेषा धरली असती तर रक्कमही वाढली असती आणि अंदाजपत्रकावरचा भारही. रेषेच्या वादात हरणे-जिंकणे म्हणजे काय, हे अशा वेळी रुपयांत कळते.

इथे मापाचा आणखी एक पैलू महत्त्वाचा ठरतो. किती माणसे रेषेखाली, एवढेच मोजले तर सरकारला सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे रेषेला टेकलेल्यांना थोडा धक्का देऊन वर काढणे. सर्वांत खालच्याला दिलेला पैसा त्याला वर आणत नाही, म्हणून आकड्यात दिसत नाही. अमर्त्य सेन यांनी 1976 साली नेमके यावर बोट ठेवले. पुढे 1984 मध्ये फॉस्टर, ग्रीअर आणि थोर्बेक यांनी माणूस रेषेच्या किती खाली आहे याला वजन देणारी मापे दिली. या मापांतून एक हिशेब निघतो: प्रत्येक गरिबाची तूट नेमकी ठाऊक असती, तर त्या सगळ्या तुटींची बेरीज सर्वांना वाटायच्या रकमेपेक्षा कितीतरी कमी भरते. दोन्हींमधला फरक ही गरीब कोण हे ठाऊक नसण्याची किंमत आहे. मूलभूत उत्पन्नाचे टीकाकार या फरकाला उधळपट्टी म्हणतात. पण शोधाशोधीलाही किंमत पडते. ती बुडालेल्या मजुरीत, हेलपाट्यांत, चिरीमिरीत आणि वगळलेल्या घरांत मोजावी लागते, आणि ती सरकारी जमाखर्चात कधीच दिसत नाही.

2019 च्या निवडणुकीत काँग्रेसने सर्वांत गरीब 20 टक्के, म्हणजे पाच कोटी कुटुंबांना वर्षाला 72,000 रुपये देण्याची ‘न्याय’ योजना मांडली. रक्कम घसघशीत होती, पण ती पाच कोटी घरे कोणती, याचे उत्तर कोणत्याही यादीत नव्हते. विसाव्या टक्क्यावरच्या कुटुंबाला 72,000 आणि एकविसाव्याला शून्य, ही दरी कुठल्याही गणनेतल्या चुकीला असह्य करून सोडते.

राज्ये मधल्या काळात वेगळ्याच वाटेने पुढे गेली. गोव्याच्या गृह आधार योजनेत तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील गृहिणीला महिन्याला 1,500 रुपये मिळतात. महाराष्ट्राची लाडकी बहीण योजना जुलै 2024 पासून 21 ते 65 वयाच्या महिलांसाठी तेवढेच देते, कौटुंबिक मर्यादा अडीच लाख. पिवळ्या किंवा केशरी कार्डाला उत्पन्नाचा दाखला माफ आहे. चारचाकी, प्राप्तिकर, सरकारी नोकरी या खुणांनी वगळणूक होते. दोन कोटींहून अधिक महिला त्यात आल्या. 2025 मधल्या छाननीत 26 लाखांहून अधिक खाती अपात्रतेच्या संशयावरून थांबवली गेली आणि काही पुरुषांनीही लाभ घेतल्याचे उघड झाले. गोंधळ झाला खरा, पण त्यातून दिसते ते असे: गरीब शोधण्यापेक्षा श्रीमंत वगळणे सोपे असते. गाडी आणि प्राप्तिकर यांची नोंद कुठेतरी असते, उपासाची कुठेच नसते.

रक्कम मात्र कुठल्याच मापातून आली नाही. मध्य प्रदेशने 2023 मध्ये 1,000 पासून सुरुवात केली, महाराष्ट्राने 1,500 दिले, मग 2,100 चे आश्वासन आले. हा लिलाव आहे. तरी परिणाम लहान नाही. चौघांच्या घरात एका बाईला 1,500 मिळाले तर माणशी 375 रुपये होतात. ग्रामीण भागातल्या तळच्या 5 टक्क्यांच्या 1,677 रुपयांच्या खर्चाशी ताडून पाहिले, तर ते बावीस टक्क्यांच्या घरात जाते. शिवाय खर्च पाहणी कुटुंबाचा खर्च माणसांच्या संख्येने भागते, त्यामुळे घरातल्या बाईच्या ताटात काय पडते हे तिला कधीच कळत नाही. बाईच्या स्वतःच्या खात्यात आलेला पैसा त्या आंधळ्या जागेपर्यंत पोहोचण्याची निदान शक्यता असते.

पैसे दिले तर लोक दारूत उडवतील, काम सोडतील, या भीतीची परीक्षा आपल्याकडे झालेली आहे. ‘सेवा’ या महिला कामगारांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने 2011-12 मध्ये मध्य प्रदेशातल्या आठ गावांत प्रौढाला 200 आणि मुलाला 100 रुपये दरमहा विनाअट दिले, पुढे ते 300 आणि 150 झाले. इतर गावांशी तुलना करता मुलांचे वजन सुधारले, मुलींची शाळेतली हजेरी वाढली, लोकांनी शेळ्या, बियाणे, शिलाई यंत्र घेतले, आणि मजुरी सोडून स्वतःच्या शेतात काम करणारे वाढले. दारू वाढल्याचे दिसले नाही. प्रयोग छोटा होता आणि त्या गावांतले रेशन, शाळा, अंगणवाडी तशाच चालू होत्या. हे शेवटचे वाक्य प्रयोगाचा दाखला देणारे बरेचदा गाळतात.

माप नगदीला झुकते

गरिबीच्या खर्चाधारित मापाचा सर्वांत मोठा धोका इथे आहे. हे माप बाजारात खर्च झालेला पैसा मोजते. 2022-23 च्या पाहणीत मोफत मिळालेल्या धान्याची व वस्तूंची किंमत वेगळी काढून मिळवली, तेव्हा ग्रामीण दरडोई खर्च 3,773 वरून 3,860 झाला. मोफत शिक्षण आणि सरकारी दवाखान्यातल्या उपचारांची किंमत मात्र त्यात धरलेली नाही. आता समजा, एखाद्या सरकारने प्राथमिक आरोग्य केंद्रे कोमेजू दिली आणि त्या पैशातून प्रत्येकाला महिना 300 रुपये दिले. लोक खाजगी डॉक्टरकडे जातील, खर्च वाढेल आणि आकड्यात गरिबी घटेल. शस्त्रक्रियेसाठी खाजगी सावकाराकडून लाखभर कर्ज काढलेले कुटुंब त्या वर्षी पाहणीत खुशाल रेषेच्या वर दिसते, कारण त्याने खर्च केलेला असतो. देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी 2021-22 मध्येही 39.4 टक्के लोकांनी थेट खिशातून भरला होता. म्हणजे हे उदाहरण अपवादाचे नाही.

1962 च्या रेषेत शासनाचा शब्द गृहीत होता, तेंडुलकरांच्या रेषेत लोक त्या काळी करत असलेला खाजगी खर्च. दोन्ही ठिकाणी सार्वजनिक शाळा-दवाखाना काही अंशी तरी उभा आहे असे मानलेले आहे. तशा रेषेतून काढलेली रक्कम शाळा-दवाखान्यांच्या बदली म्हणून द्यायला निघणे म्हणजे एकच पैसा दोनदा मोजणे. मूलभूत उत्पन्न सेवांच्या जोडीला असेल तर रेषेतून काढलेली रक्कम सुरुवातीला पुरेशी ठरू शकते. सेवांच्या जागी असेल तर कुठलीच प्रचलित रेषा ती रक्कम सांगायला लायक नाही.

दुसरा धोका महागाईचा. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात 60 ते 79 वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा अनेक वर्षांपूर्वी महिना 200 रुपये ठरला, आजही तेवढाच आहे. सरकारी नोकराचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा हलतो, पण निराधार म्हातारीचे 200 रुपये हलत नाहीत. मूलभूत उत्पन्न रुपयांत जाहीर करून सोडून दिले, तर त्याचीही हीच गत होईल.

यावरून काही गोष्टी मागता येतात. देशाला ताजी, अधिकृत आणि ठरावीक काळाने सुधारली जाणारी दारिद्र्यरेषा हवी, पण केवळ मोजण्यासाठी. माणसे निवडायला ती वापरू नये. रोख मदत शक्य तितकी सरसकट असावी, आणि वगळायचेच असेल तर नोंद असलेल्या श्रीमंतीच्या खुणांनी वगळावे. रक्कम किंमत निर्देशांकाशी कायद्याने बांधावी, म्हणजे निवडणुकीची वाट पाहावी लागणार नाही. आणि योजना फळली की नाही हे एका टक्केवारीवर न ठरवता मुलांचे वजन, कर्ज, उपचारांवरचा खर्च आणि तुटीची खोली या सगळ्यांवरून ठरवावे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सरसकट मूलभूत उत्पन्नाची वाट पाहण्याचीही गरज नाही. निराधार योजनेतली 21,000 ची मर्यादा काढून टाकली आणि विधवा, वृद्ध, अपंग यांना लाडकी बहीण योजनेसारखेच नोंदीतल्या श्रीमंतीच्या खुणांनी तपासले, तर राज्यातल्या सर्वांत अशक्त माणसांना खोटा दाखला मिळवल्याशिवाय पैसे मिळू लागतील. या बदलाला नवी समितीही लागत नाही आणि नवी रेषाही लागत नाही. जो पैसा एक लाखापर्यंत उत्पन्नाच्या केशरी कार्डाच्या घरात बिनदाखल्याचा जातो, तो 21,000 च्या घरात दाखल्यावाचून का जाऊ नये, याचे उत्तर सरकारने द्यायला हवे.